दहा दिवसांचं दाणापाणी: जर्मनीची यादी आणि नागपूरचे डबे

फेब्रुवारी २०१९ मध्ये बर्लिनच्या कोपेनिक भागात एका पुलाजवळ जमिनीखाली ड्रिल चालवताना विजेच्या मोठ्या केबल तुटल्या आणि तीस हजारांहून जास्त घरं सुमारे ३१ तास विजेविना राहिली. दिवस थंडीचे. घरं गरम ठेवणारी यंत्रणा बंद, दुकानांचे गल्ले बंद. स्वयंपाकही बंद, कारण जर्मनीत बहुतेक घरांत शेगडी विजेवर चालते, गॅसचा सिलिंडर नसतोच. कपाटभर डाळ-तांदूळ आहे आणि त्यातला मूठभरही शिजवता येत नाही, असा प्रसंग नागपूरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर सहजासहजी येत नाही. आपल्याकडे वीज गेली तरी गॅस असतो.

म्हणून इथे जर्मनीत साठवणीचा पहिला प्रश्न "किती आहे?" हा नसतो. "वीज, गॅस आणि नळ, तिन्ही नसताना यातलं काय खाता येईल?" हा असतो. नागपूरच्या घरात वर्षाचा गहू, वर्षाची तूरडाळ, मुंगवड्या, कुरडया, शेवया सगळं भरलेलं असतं. या बाबतीत विदर्भाला कोणी शिकवायची गरज नाही. पण हा जवळजवळ सगळा साठा आच आणि पाणी मागतो.

जर्मन सरकारचं नागरी संरक्षणाचं एक केंद्रीय कार्यालय आहे, बीबीके. ते नागरिकांना सांगतं की जमल्यास दहा दिवसांचं, निदान तीन दिवसांचं अन्नपाणी घरात ठेवा. त्यांच्या यादीत दर माणशी दहा दिवसांचे आकडे असे आहेत: पाणी आणि पेयं २० लिटर, धान्य-पाव-बटाटे-पास्ता मिळून ३.५ किलो, भाज्या आणि कडधान्यं ४ किलो, फळं आणि सुकामेवा २.५ किलो, दुधाचे पदार्थ २.६ किलो, मासे-मांस-अंडी १.५ किलो आणि तेल-तूप ३५७ ग्रॅम. हिशोब दिवसाला २२०० कॅलरीचा. दोन लिटर पाण्यातलं दीड लिटर पिण्याचं, अर्धा लिटर शिजवण्याचं.

ही यादी जशीच्या तशी उचलू नये. त्यातल्या साडेतीन किलोत पाव आणि बटाटे आहेत, म्हणजे बरंचसं वजन पाण्याचं. आपण कोरडं धान्य मोजतो, त्यामुळे वजन कमी लागतं. चार माणसांच्या शाकाहारी मराठी घरासाठी दहा दिवसांचा हिशोब साधारण असा बसतो: तांदूळ ३ किलो, कणीक ४ किलो, पोहे २ किलो, रवा १ किलो, मुरमुरे अर्धा किलो, तूर, मूग आणि मसूर मिळून ३ किलो, भाजलेले शेंगदाणे आणि फुटाणे दीड किलो, सातूचं पीठ १ किलो, गूळ-साखर दीड किलो, खजूर १ किलो, तेल दीड लिटर, दूध पावडर अर्धा किलो, शिजवलेल्या छोल्यांचे किंवा राजम्याचे ८ डबे. मीठ, तिखट, हळद, लोणचं घरात असतंच. भाजी फारशी मिळणार नाही हे धरून चाला आणि कांदे-बटाटे ५ किलो ठेवा, पण वेगवेगळे. एकत्र ठेवले की दोन्ही लवकर कोंबतात आणि सडतात.

आता यातले तीन दिवस पूर्णपणे विनाआच निघायला हवेत. इथेच आपलं जुनं खाणं कामी येतं, आणि जर्मन यादीतल्या डबाबंद सॉसेजपेक्षा ते कितीतरी बरं आहे. पातळ पोहे, मुरमुरे, फुटाणे, सातू, चिक्की, खजूर, जवसाची चटणी. शंभर ग्रॅम पातळ पोह्यांना अर्धी वाटी ताक किंवा पाणी शिंपडून दहा मिनिटं झाकून ठेवलं की दडपे पोहे तयार. तर्री नसेल, पण पोट भरतं. जाड पोहेही चालतात, फक्त भिजवून पंधरा-वीस मिनिटं थांबावं लागतं. सातूला अर्धी वाटी पीठ, थोडा गूळ आणि एक पेला पाणी पुरतं.

सातू घरी करत असाल तर दोन भाग गहू आणि एक भाग डाळवं घ्या. गहू ओलसर करून कांडा, वाळवा, मग मंद आचेवर आतपर्यंत भाजा आणि पूर्ण गार झाल्यावर दळा. सुंठ-वेलची चवीपुरती. भाजणं अर्धवट राहिलं तर पीठ पोटाला जड पडतं आणि लवकर जुनं लागतं. साधी कणीक पाण्यात कालवून खाण्याचा प्रयोग मात्र कोणीही करू नये, कच्च्या पिठात जंतू असू शकतात.

शिजवलेल्या कडधान्याचे डबे नागपुरात कमी वापरले जातात, पण प्रत्येक घरात चार तरी असावेत असं आमचं ठाम मत आहे. ४०० ग्रॅमच्या डब्यात पाणी काढल्यावर साधारण २४० ग्रॅम छोले निघतात. ते शिजलेलेच असतात, कांदा-लिंबू-तिखट घातलं की झालं. कोरडा राजमा अशा वेळी उपयोगाचा नाही. अर्धवट शिजलेला राजमा तर विषारी असतो, त्यातला घटक नष्ट व्हायला किमान दहा मिनिटं खळखळून उकळावं लागतं. डबे घेताना ओढून उघडायची कडी असलेले घ्या, नाहीतर ओपनर त्याच कपाटात टांगून ठेवा. फुगलेला डबा न उघडता टाकून द्या. उघडलेला डबा उरला तर त्यातलं काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढा.

थोडीफार आच मिळणार असेल तर कोणती डाळ, यालाही महत्त्व आहे. मसूर डाळ कुकरशिवाय पंधरा-वीस मिनिटांत शिजते, तुरीला त्याहून बराच वेळ आणि इंधन लागतं. जर्मनीत मसूर कोणत्याही सुपरमार्केटमध्ये मिळते, तुर्की दुकानात पाच किलोची पिशवी स्वस्त पडते. इथल्या अनेक गावांत नळाचं पाणी जड असतं, त्यात डाळी शिजायला वेळ घेतात. चिमूटभर सोडा घातला की फरक पडतो. डाळ जुनी झाली तरी हेच होतं, म्हणून साठ्यातली डाळ वर्षाच्या आत संपवावी.

पर्याय म्हणून कॅम्पिंगची छोटी गॅस शेगडी इथे मिळते, पण ती बंद खोलीत पेटवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कोळशाच्या शेगडीचंही तेच, मग ते बर्लिन असो की नागपूरचा महाल भाग.

साठा टिकवण्याची खरी युक्ती इथे "जिवंत साठा" या नावाने सांगतात. संकटासाठी वेगळी पेटी भरून माळ्यावर टाकायची नाही. रोज खातो तेच थोडं जास्त आणायचं, नवं मागे आणि जुनं पुढे ठेवायचं, जेवढं वापरलं तेवढं आठवड्याच्या खरेदीत भरून काढायचं. डब्यावर कागदी टेप लावून महिना आणि वर्ष लिहायचं. वेगळी पेटी केली की काय होतं? दोन वर्षांनी उघडतो तेव्हा कणीक कडू, शेंगदाणे खवट आणि बिस्किटं मऊ. पाकिटावरची तारीखही नीट वाचा. जर्मनीत दोन प्रकारच्या तारखा असतात. एक "किमान इथपर्यंत चांगलं" अशी, ती उलटली तरी रंग, वास, चव बघून तांदूळ-डाळ खाता येतात. दुसरी "या तारखेपर्यंतच वापरा" अशी, ती मांसासारख्या नाशवंत मालावर असते आणि ती पाळायचीच.

इथला सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे धान्यातले पतंग. नागपुरात सोंडे आणि पोरकिडे ओळखीचे. इथे पतंगाच्या अळ्या पिठात, रव्यात, सुक्यामेव्यात जाळी धरतात. त्या पातळ प्लास्टिक कुरतडून आत शिरतात, म्हणून पाकिटातला माल घरी येताच घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत जायला हवा. शंका असेल तर रवा-बेसन-कणीक आठवडाभर उणे १८ अंशाच्या फ्रीजरमध्ये ठेवा, अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पाकीट लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत पाणी धरतं आणि बुरशी येते. चिकट सापळे मिळतात, पण त्यांत फक्त नर अडकतात. पतंग आहेत की नाहीत हे कळतं, संपत नाहीत. घरात पसरलेच तर इथले लोक टपालाने एक कार्ड मागवतात, त्यावर परजीवी गांधीलमाशीची अंडी असतात. ही माशी टाचणीच्या टोकाएवढी, माणसाला चावत नाही. ती पतंगाच्या अंड्यांत आपली अंडी घालते आणि पतंगांची अंडी संपली की स्वतःही मरते. काही आठवड्यांच्या अंतराने तीन-चार वेळा कार्ड बदलावं लागतं, कारण पतंगांच्या पिढ्या मागेपुढे निघतात. नुसते डबे पुसून भागत नाही. फळीच्या भोकांत, बरणीच्या झाकणाच्या आट्यांत कोष लपलेले असतात, तिथे व्हॅक्यूम क्लीनरच लागतो.

नागपूरला या बाबतीत ऊन लाभलंय. एप्रिल-मेची कोरडी हवा म्हणजे धान्य वाळवायचं फुकटचं यंत्र. कळमन्यातून किंवा इतवारीतून आणलेला गहू दोन-तीन दिवस कडक उन्हात पातळ पसरा. दाताखाली कट्कन फुटला की वाळला. लगेच कोठीत भरू नका. रात्रभर सावलीत गार होऊ द्या. गरम धान्य बंद केलं की वाफ झाकणाला धरते आणि वरचा थर आधी बुरसटतो. तांदूळ उन्हात घालायचा नाही, दाणा तडकतो, सावलीतच पसरा. तूरडाळीला किलोला एक चमचा एरंडेल तेल चोळतात ते योग्यच आहे. कडुलिंबाचा पाला घालायचा तर पूर्ण वाळलेला, ओला पाला स्वतःच ओलावा सोडतो. सगळं काम मृगाचा पाऊस यायच्या आत उरका, कारण त्यानंतर हवेतला ओलावा धान्य परत शोषून घेतं.

दोन गोष्टी मात्र अजिबात नकोत. बोरिक पावडर हे कीटकनाशक आहे, खाण्यात घालायचा पदार्थ नाही. धुतल्यावर जाते या भरवशावर ती तांदळाला चोळू नका. आणि अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरातल्या कोठीत कदापि टाकू नका. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. तो शेजारच्या खोलीतल्या झोपलेल्या माणसाचा जीव घेऊ शकतो, त्यावर उतारा नाही. त्या गोळ्या गोदामासाठी आहेत, प्रशिक्षित माणसांच्या हाती.

पाण्याचा जर्मन आकडा नागपूरच्या उन्हाळ्यात अपुरा आहे. पारा ४५ अंशांवर असताना माणशी दिवसाला चार लिटर धरा, म्हणजे चार माणसांना तीन दिवसांचे ४८ लिटर: वीस लिटरचे दोन जार आणि एक लिटरच्या आठ बाटल्या. घरी भरलेलं पाणी दर महिन्याला बदला, जार उन्हात ठेवू नका. ओआरएसची दहा पाकिटं सोबत असू द्या, एक पाकीट एक लिटरला. ती नसतील तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. अंदाजाने मीठ वाढवू नका, लहान मुलांना ते घातक ठरतं.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत झोपेतच पाणी शिरलं. तळमजल्यावर राहत असाल तर धान्याची कोठी जमिनीवर ठेवू नका. निदान तीन दिवसांचं विनाआच खाणं आणि पाणी डोक्याच्या उंचीवरच्या फळीवर हवं. पुराचं पाणी लागलेलं धान्य, पीठ, पोहे वाळवून वापरण्याचा मोह होतो. त्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं, ते टाकायचंच. न उघडलेले पत्र्याचे डबे तेवढे धुऊन, निर्जंतुक करून वापरता येतात.

वीज गेली की फ्रिज चार तास थंड धरतो. भरलेला फ्रीजर साधारण ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास. दार उघडून बघायचं नाही, हीच काय ती अट. हे आकडे ढोबळ आहेत. मे महिन्यातल्या नागपुरात त्याहून कमी धरा.

इकडे जर्मनीत येणाऱ्या मुलांसाठी बॅग भरणाऱ्यांना थोडं सांगायचं आहे. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशांतून प्रवाशाच्या सामानात दूध आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे आणि खवा घातलेली संत्राबर्फी नको, विमानतळावर काढून घेतात. ताजी संत्री वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय आणता येत नाहीत. मुंगवड्या, कुरडया, सातूचं पीठ, भिवापुरी तिखट, वायगावची हळद मात्र जरूर द्या, पूर्ण वाळवून आणि दुहेरी पिशवीत. जवस अख्खंच द्या, भाजून कुटलं की महिनाभरात खवट होतं. तांदळाची चुंगडी पाठवायची गरज नाही. भारताने जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली तेव्हा परदेशातल्या भारतीय दुकानांत कोलम-सोनामसुरीसाठी धावाधाव झाली होती. पण सप्टेंबर २०२४ मध्ये ती बंदी उठली, आणि बासमती तर त्या काळातही मिळत होता. २३ किलोच्या बॅगेत तांदळाऐवजी दोन किलो जाड पोहे आणि एक किलो डाळवं बसलं तर तीन दिवसांचं खाणं तिथेच सुटतं.