आतल्या तळाखालचा फोम

दुसऱ्यांनी बांधलेल्या लहान होड्यांमध्ये इंजिन, बॅटरी, दिवे, पंप, जाळे ओढण्याचा रोलर आणि दोर बांधण्याच्या खुंट्या बसवून त्या पाण्यात उतरवण्याजोग्या करून देणे, हे माझे काम आहे. रंग वाळला की होडी तयार झाली, असे बांधणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात पाणी आत शिरण्याच्या बहुतेक वाटा त्यानंतरच तयार होतात, कारण फिटिंग करणे म्हणजे दर वेळी चांगल्या लाकडाला एक नवे भोक पाडणे. या कामात मला आता बरीच वर्षे झाली आहेत. तरी ज्या होडीविषयी मी लिहीत आहे, तिच्यापाशी मन अजून अडून राहते.

ती एका निवृत्त सुतारकाकांनी घरामागच्या छपरात दोन वर्षे खपून बांधली होती. लांबी ४.३ मीटर, तळाला ९ मिलिमीटरचे आणि बाजूंना ६ मिलिमीटरचे मरीन प्लायवुड. फळ्या तारेच्या टाक्यांनी एकमेकींना जोडून, आतल्या कोपऱ्यांत इपॉक्सीची, म्हणजे वाळून घट्ट होणाऱ्या चिकट राळेची, गोलाई भरून, वर फायबरग्लासच्या पट्ट्या चढवलेल्या. घरी बांधलेल्या होड्यांत ही गोलाई बहुधा कुठे ओघळलेली, कुठे बुडबुड्यांनी चाळण झालेली असते. येथे ती नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून, मागच्या उभ्या फळीपर्यंत, म्हणजे ट्रान्समपर्यंत, एकाच हाताने एकाच दमात ओढल्यासारखी होती. काकांनी प्रत्येक तुकड्याचे वजन वहीत टिपून ठेवले होते. आधी इंजिन विकत घेऊन मग होडी बांधणारे लोक ट्रान्समच्या उंचीत हमखास चुकतात. आखूड दांड्याच्या इंजिनाला सुमारे १५ इंच आणि लांब दांड्याच्या इंजिनाला सुमारे २० इंच उंची लागते, हे त्यांना इंजिन अडकवताना कळते. काकांचे इंजिन लांब दांड्याचे होते आणि ट्रान्सम बरोबर ५०८ मिलिमीटर. इंजिन टांगल्यावर पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाशी जवळजवळ एका रेषेत आली, तेव्हा मला त्या माणसाविषयी मनापासून आदर वाटला.

एका गोष्टीत मात्र त्यांनी घाई केली होती. इंजिनाच्या बोल्टची भोके त्यांनी प्लायवुडमधून सरळ आरपार पाडली होती आणि आत लाकडाचे कापलेले पदर उघडे होते. बोल्टभोवती कितीही सीलंट भरले, तरी इंजिनाच्या थरथरीने ते कधी ना कधी सुटते, पाणी त्या पदरांत शिरते आणि ट्रान्सम बाहेरून चकचकीत दिसत असताना आतून कुजतो. म्हणून मी ती भोके मोठी केली, दाट इपॉक्सीने पूर्ण भरली, ती घट्ट झाल्यावर तिच्यामधून बोल्टच्या मापाची नवी भोके पाडली. आता बोल्ट लाकडाला कोठेही शिवत नव्हता. या कामाला भोकामागे दोन दिवस लागतात आणि पूर्ण झाल्यावर ते कोणालाही दिसत नाही.

वायरिंगवर मी याहूनही अधिक वेळ घातला, आणि त्याचा मला अभिमान होता. खाऱ्या हवेत साधी तांब्याची वायर आवरणाच्या आतून काळी पडत जाते, म्हणून सगळीकडे कल्हई केलेली, बारीक तारांची वायर घेतली. प्रत्येक टोक क्रिम्प करून, म्हणजे धातूच्या टोपीत दाबून पक्के करून, त्यावर आतून गोंद असलेली, उष्णतेने आवळणारी हीटश्रिंक नळी बसवली आणि प्रत्येक जोडाआधी वायरीला खाली झोल दिला, जेणेकरून तिच्यावरून ओघळणारे पाणी जोडापर्यंत न पोहोचता झोलातून गळून पडेल. मुख्य फ्यूज बॅटरीपासून १८ सेंटीमीटरच्या आत ठेवला, कारण त्याच्या अलीकडची वायर घासून उघडी पडली तर तिला वाचवणारे काहीच नसते. तळातले पाणी उपसणाऱ्या पंपाचा फ्लोट स्विच, म्हणजे पाणी चढले की पंप आपोआप चालू करणारा स्विच, मुख्य स्विचला वळसा घालून, स्वतंत्र फ्यूजमधून, थेट बॅटरीला जोडला. धक्क्याला बांधलेली होडी रात्रीच्या पावसात भरते, तेव्हा मालकाने मुख्य स्विच बंद केलेला असतो, ही साधी गोष्ट अनेक जण विसरतात. पंपाची नळी आतून गुळगुळीत घेतली; स्वस्त, वळ्यांची नळी पाण्याला इतका अडथळा करते की खोक्यावर छापलेला ताशी लिटरचा आकडा केवळ खोक्यावरच राहतो. नाळेवरचे लाल आणि हिरवे दिवे प्रत्येकी ११२.५ अंशांतच दिसतील, असे कोन मोजून बसवले. असे दहा दिवस गेले.

फोम मला पहिल्याच दिवशी दिसला होता. पंपाची जागा ठरवताना आतल्या सपाट तळावरचे तपासणीचे गोल झाकण मी उघडले, तेव्हा आतला तळ आणि बाहेरचा तळ यांच्या मधली सगळी पोकळी काकांनी फोमच्या पत्र्यांनी गच्च भरलेली होती. माझ्या हाताखालचा मुलगा डोकावून म्हणाला, "दादा, सगळा फोम खालीच का घातलाय?" मी त्याला म्हणालो, "आपल्याला वायरिंग आणि इंजिनाचे काम दिले आहे, तेवढे बघ." त्या मुलाला या धंद्यात तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते.

खाली फोम असण्यात काय वावगे आहे, ते सांगतो. बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा, एक लिटर फोम पाण्याखाली गेला की जवळजवळ एक किलो वजन उचलून धरतो. काकांनी १८० लिटर घातला होता, म्हणजे सुमारे १७५ किलोंचा आधार. प्लायवुड स्वतः तरंगते. तेव्हा होडी पूर्ण भरली तरी बुडणार नव्हती, यात शंका नव्हती. परंतु कोरडी होडी सरळ राहते ती तिच्या रुंद आकारामुळे, आणि काठापर्यंत पाणी भरल्यावर तो आकार जवळजवळ निकामी होतो, कारण आतले पाणी प्रत्येक कलण्याबरोबर खालच्या बाजूला धावते. मग उरते ते एवढेच, की वर ढकलणारे काय कोठे आहे आणि खाली ओढणारे काय कोठे आहे. इंजिन आणि बॅटरी वर असतील आणि फोम सगळ्यांत खाली असेल, तर फोमला वर यायचे असते आणि इंजिनाला खाली जायचे असते, आणि दोघांचेही समाधान होडी उलटी झाल्यावरच होते. हाच फोम दोन्ही बाजूंना काठाखाली असेल, तर जी बाजू कलेल त्या बाजूचा फोम पाण्यात आणखी बुडतो आणि तिलाच परत वर ढकलतो. ही काही नवी गोष्ट नाही. २० फुटांपेक्षा लहान आणि आउटबोर्ड, म्हणजे ट्रान्समवर बाहेरून टांगलेल्या, इंजिनाची होडी पाण्याने भरल्यावरही सपाट तरंगली पाहिजे, असे बंधन अमेरिकेत होडी बनवणाऱ्यांवर १९७८ पासून आहे.

हे सगळे मला ठाऊक होते आणि तरी मी वायरी क्रिम्प करत राहिलो. इंजिन बसवणाऱ्या माझ्या सहकाऱ्याला मी पाचव्या दिवशी हे बोलून दाखवले होते. तो म्हणाला, "खाली फोम असला की आत पाणी कमी मावते, तेही चांगलेच की." त्याचे म्हणणे सर्वस्वी चूक नव्हते, आणि मला गप्प राहायला तेवढे पुरले. तो उत्तम कारागीर आहे. पण काम हातातून लवकर सुटावे, या एकाच दृष्टीने तो प्रत्येक प्रश्नाकडे पाहतो, आणि त्या आठवड्यात मीही तसाच पाहत होतो. नोंदणीची तपासणी झाली, तीत लाइफ जॅकेट मोजली गेली, अग्निशामकाची तारीख वाचली गेली, दिवे लावून पाहिले गेले. फोम कोठे आहे, हे कोणी विचारले नाही. ज्या तपासणीत होडी भरल्यावर काय करेल हा प्रश्नच नाही, तिला माझ्या मते होडीची तपासणी म्हणता येत नाही. ती सामानाची मोजदाद झाली.

अकराव्या दिवशी काकांनी दोन दिवसांनी होडी उतरवण्याचे ठरवले. निघताना ते आतल्या तळावर टाच आपटून समाधानाने म्हणाले, "एखादी लाट आत आली तरी चिंता नाही. भरली तरी बुडायची नाही ही."

मी म्हणालो, "बुडणार नाही काका, पण उलटेल."

त्यांना प्रथम ते पटले नाही. मी कागदावर होडीचा आडवा छेद काढून बाण दाखवले. त्यांनी तो कागद बराच वेळ पाहिला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "कागदावर नको. करूनच बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही होडी कमरेइतक्या, संथ पाण्यात नेली. इंजिन, बॅटरी आणि स्विचचे पॅनेल काढून ठेवले होते. इंजिन ५० किलोंचे असले, तरी ते बरेचसे ॲल्युमिनियमचे असल्याने पाण्याखाली एक तृतीयांशाच्या आसपास हलके होते आणि लोखंड जेमतेम एक अष्टमांश, म्हणून ट्रान्समला ४० किलो लोखंडच बांधले. बॅटरीच्या जागी २० किलो. मग एक काठ दाबून पाणी आत घेतले आणि उरलेले बादल्यांनी भरले. पाणी काठाला लागले तेव्हा होडी क्षणभर सरळ उभी राहिली, आणि काकांनी माझ्याकडे पाहिले. त्यानंतर कोणाचा हात लागलेला नसताना ती डावीकडे कलू लागली. मला वाटले होते की ती झटक्याने उलटेल. ती अतिशय सावकाश, मध्ये कोठेही न अडखळता फिरली, आणि तळ आकाशाकडे करून थांबली. तशा स्थितीत ती अगदी स्थिर होती. आम्ही तिघांनी जोर लावला तरी ती सरळ होईना. शेवटी काठाला दोर बांधून, तो तळावरून पलीकडे घेऊन ओढावे लागले.

काका पाण्यात उभे होते. खोल पाण्यात, जाळ्यासकट, एकट्या माणसाला घेऊन ती अशीच फिरली असती, हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "ते झाकण तुम्ही पहिल्या दिवशी उघडले होते ना?"

मी हो म्हणालो.

"मग तेव्हाच का नाही सांगितलेत?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यांना केवळ माहिती हवी होती. मी म्हणालो की मला काम फिटिंगचे दिले होते. तो मुलगा शेजारीच बादली धरून उभा होता आणि माझ्याकडे पाहत होता. ते उत्तर खोटे नव्हते, तरीही ते खरे कारण नव्हते. दोन वर्षांच्या त्या देखण्या कामाला करवत लावा, असे सांगणे मला जड गेले, आणि माझी स्वतःची वायरिंग तोवर इतकी सुरेख होत आली होती की मध्येच काम थांबवावेसे वाटले नाही. यांतले कोणते कारण मोठे होते, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

आतला तळ काकांनी स्वतःच कापला. मला करवत लावू दिली नाही. फोम काढल्यावर ती पोकळी पुन्हा बंद करून चालणार नव्हते, कारण बंद हवाही फोमसारखीच खालून वर ढकलते. म्हणून पोकळीतल्या आडव्या पट्ट्यांना तळाशी वाहत्या पाण्यासाठी भोके पाडून सगळा मार्ग पंपापर्यंत मोकळा केला. काठाखाली दोन्ही बाजूंना २.४ मीटर लांब, १५ सेंटीमीटर रुंद आणि २० सेंटीमीटर उंच अशा पेट्या करून प्रत्येकीत ७२ लिटर फोम बसवला, आणि उरलेला ३६ लिटर इंजिनाच्या दोन्ही अंगांना, जितका वर बसेल तितका वर. या पेट्या नेमक्या माझ्या वायरी जात होत्या तेथेच आल्या. मी सगळी वायरिंग उपसून काढली आणि नव्याने केली. त्याचे पैसे घेतले नाहीत, काकांनीही आग्रह केला नाही.

तीन आठवड्यांनी आम्ही तीच होडी, त्याच वजनांनिशी, त्याच जागी पुन्हा भरली. पाणी काठाला लागले आणि ती सपाट तरंगत राहिली. मी एका काठावर दोन्ही हातांनी रेललो. ती वीतभर खाली गेली आणि हात काढताच परत वर आली. काकांनी ते स्वतः चार वेळा करून पाहिले, मग त्या मुलाला करायला लावले, आणि नंतर वहीत तारीख घालून फोमच्या जागा आणि लिटर लिहून ठेवले. चार दिवसांनी होडी रीतसर पाण्यात उतरली आणि तेव्हापासून ती नियमाने मासेमारीला जाते.

वर्षातून एकदा मी ती तपासायला जातो. आतला तळ पुन्हा जोडल्यावर काकांनी बाकी सगळीकडे रंग दिला, पण कापल्याच्या रेषेवर केवळ पारदर्शक वार्निशचे हात दिले, त्यामुळे करवतीची ती रेघ नाळेपासून ट्रान्समपर्यंत स्पष्ट दिसते. रंग का दिला नाही, हे मी त्यांना अजून विचारलेले नाही.