तेव्हाच का नाही बोलली?

२०१८च्या सप्टेंबरात, अनंत चतुर्दशी होऊन आठवडाही उलटला नव्हता, तेव्हा आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर विसर्जनाच्या छायाचित्रांच्या मधोमध अभिनेत्री तनुश्री दत्ताच्या मुलाखतीची चित्रफीत येऊन पडली. २००८ साली ‘हॉर्न ओके प्लीज’ या चित्रपटातील एका गाण्याच्या चित्रीकरणावेळी नाना पाटेकर यांनी आपल्याशी गैरवर्तन केले, असा तिचा आरोप होता. पाटेकर यांनी तो साफ नाकारला. गटावर पहिली प्रतिक्रिया थोरल्या काकांची आली : ‘दहा वर्षं ही बाई काय करत होती?’ त्याखाली आत्याने हात जोडले, दोघा चुलतभावांनी हसरे चेहरे टाकले आणि मी अंगठ्याचे चिन्ह टाकले. चित्रफीत मी तोवर पाहिलेलीही नव्हती.

काकांना दोष देऊन मी सुटणार नाही. आमच्या घरात पाटेकरांचा उल्लेख ‘नाना’ असाच होतो, जणू ते शेजारच्या वाड्यात राहतात. २०१५ साली त्यांनी आणि मकरंद अनासपुरे यांनी शेतकरी कुटुंबांसाठी ‘नाम’ ही संस्था काढली, तेव्हा काकांनी आपल्या निवृत्तिवेतनातून तिला पैसे पाठवले होते आणि त्याची पावती आम्हा सर्वांना कौतुकाने दाखवली होती. ज्या माणसाला आपण इतक्या विश्वासाने पैसे पाठवतो, त्याच्यावर असा आरोप होऊ शकतो हे नुसते ऐकून घ्यायचे म्हटले, तरी आधी स्वतःच्या पारखीवर शंका घ्यावी लागते. त्यापेक्षा आरोप करणारीवर शंका घेणे स्वस्त पडते. मीही तो स्वस्त मार्गच पत्करला होता.

काकांच्या प्रश्नाला खरे तर उत्तर होते, आणि ते शोधायला फारसे कष्टही पडले नसते. तिने २००८ सालीच चित्रपट आणि दूरचित्रवाणी कलाकारांच्या ‘सिंटा’ या संघटनेकडे तक्रार केली होती. ऑक्टोबर २०१८मध्ये संघटनेने स्वतःच जाहीर कबूल केले की त्या तक्रारीचा मुख्य भाग, म्हणजे लैंगिक छळाचा भाग, त्या वेळी विचारातच घेतला गेला नव्हता. आणि याबद्दल खेद व्यक्त करताना हेही सांगितले की, तीन वर्षांपेक्षा जुने प्रकरण आपल्या घटनेनुसार पुन्हा उघडता येत नाही. पुढे पोलिसांनी पुरावा मिळत नसल्याचे सांगून जून २०१९मध्ये ‘बी समरी’ म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल दाखल केला, आणि मार्च २०२५मध्ये मुंबईतील न्यायालयाने २००८च्या घटनेबाबतच्या तक्रारीची मुदत संपलेली असल्याने दखल घेण्यास नकार दिला. त्या दिवशी सेटवर काय घडले, याचा निवाडा कोणत्याही न्यायालयाने केलेला नाही आणि तो करण्याचा अधिकार मलाही नाही. पण ‘तेव्हाच का नाही बोलली?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र ‘बोलली होती’ असे होते, आणि ते न ऐकताच आम्ही निकाल देऊन मोकळे झालो होतो.

हाच प्रश्न एका प्रकरणात सरकारी पातळीवर, कागद न् कागद धुंडाळून विचारला गेला. ते प्रकरण ब्रिटनमधल्या जिमी सॅव्हिल या दूरचित्रवाणी निवेदकाचे. बीबीसीवरचा त्याचा मुलांचा कार्यक्रम १९७५पासून जवळजवळ वीस वर्षे चालला. मुले पत्र लिहून आपली इच्छा कळवत आणि हा ती पूर्ण करून दाखवत असे. रुग्णालयांसाठी त्याने मोठ्या देणग्या जमवल्या, १९९० साली त्याला ‘सर’ हा किताब मिळाला. २९ ऑक्टोबर २०११ रोजी तो वारला, तेव्हा लीड्समधल्या एका हॉटेलात त्याची शवपेटी दर्शनासाठी ठेवण्यात आली आणि हजारो लोक तिच्यासमोरून गेले. त्या वर्षाच्या अखेरीस बीबीसीच्याच एका वृत्त-कार्यक्रमाने त्याच्याविरुद्धच्या लैंगिक अत्याचाराच्या आरोपांचा चालवलेला शोध गुंडाळून ठेवला, आणि नाताळात त्याच वाहिनीने त्याला आदरांजली वाहणारे कार्यक्रम दाखवले.

३ ऑक्टोबर २०१२ रोजी आयटीव्ही या दुसऱ्या वाहिनीने काही स्त्रियांच्या मुलाखती दाखवल्या आणि बांध फुटला. लंडन पोलिसांनी आणि बालसंरक्षणाचे काम करणाऱ्या एका संस्थेने जानेवारी २०१३मध्ये दिलेल्या अहवालानुसार सुमारे ४५० जण पुढे आले होते, २१४ गुन्ह्यांची नोंद झाली होती, आणि त्यांचा काळ १९५५पासून २००९पर्यंत पसरलेला होता. बहुतेक पीडित अठरा वर्षांखालील होते आणि त्यांत मुलगेही होते. तिथेही पहिला प्रश्न हाच होता : इतकी माणसे इतकी वर्षे गप्प कशी बसली?

पोलिसांच्या कामाची तपासणी करणाऱ्या यंत्रणेने मार्च २०१३मध्ये याचे उत्तर छापले, आणि ते वाचताना माझा तो अंगठा मला फार बोचला. १९६३ साली चेशायरमध्ये एका पुरुषाने सॅव्हिलने आपल्यावर बलात्कार केल्याचे पोलिसाला सांगितले होते. त्याला ‘विसरून जा’ असा सल्ला मिळाला आणि साधी नोंदही झाली नाही. लंडनमध्ये आणखी एकाने सांगायचा प्रयत्न केला, तर असे आरोप केल्याबद्दल तुलाच अटक होऊ शकते, असे त्याला ऐकवण्यात आले. २००७ ते २००९ या काळात सरे आणि ससेक्स या परगण्यांतल्या पोलिसांकडे वेगवेगळ्या स्त्रियांच्या तक्रारी आल्या, पण तुमच्यासारख्या इतरही आहेत, हे त्यांच्यापैकी कोणालाच सांगण्यात आले नाही. प्रत्येकीला वाटत राहिले की आपण एकट्याच आहोत, आणि एकटीच्या शब्दाला त्या माणसापुढे किती किंमत, हे प्रत्येकीला ठाऊक होते. पोलिसांनी अखेर सॅव्हिलची चौकशी केली ती ऑक्टोबर २००९मध्ये, आणि तीही ज्या रुग्णालयात त्याचे प्रस्थ होते, तिथल्या त्याच्याच कार्यालयात बसून. खटला झालाच नाही. म्हणजे लोक बोलत होते. त्यांचे बोलणे कुठेतरी एका टेबलावर येऊन थांबत होते, आणि बाहेरच्या आपल्याला ते मौन वाटत होते.

स्कारबरोच्या दफनभूमीत त्याच्या थडग्यावर सप्टेंबर २०१२मध्ये मोठी शिळा बसवली होती. तीन आठवड्यांतच ती घरच्यांनी रातोरात काढून नेली आणि तिचे तुकडे करण्यात आले. जनमताचा लंबक एकीकडून दुसरीकडे गेला, तो इतक्या वेगाने.

आणि दुसरीकडे जाऊन तो थांबला नाही, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर माझे म्हणणे सोयीपुरतेच खरे राहील. सॅव्हिलच्या वेळी ऐकले नाही, याची टोचणी लागलेल्या लंडन पोलिसांपुढे कार्ल बीच नावाचा एक माणूस आला. माजी लष्करप्रमुख आणि माजी मंत्र्यांसह अनेक नामवंतांवर त्याने बाललैंगिक अत्याचाराचे, इतकेच नव्हे तर खुनांचे आरोप केले. डिसेंबर २०१४मध्ये एका वरिष्ठ पोलिस अधिकाऱ्याने हे आरोप ‘विश्वसनीय आणि खरे’ असल्याचे पत्रकारांसमोर सांगून टाकले. तपास पूर्ण होण्याआधी ‘खरे’ हा शब्द वापरायचा अधिकार त्याला कोणी दिला होता? घरांच्या झडत्या झाल्या, एका माजी खासदाराची नोकरी आणि राहते घर गेले, आणि शेवटी सगळेच बनावट निघाले. जुलै २०१९मध्ये बीचला १८ वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्याच एका तक्रारीवरून झालेल्या गायक क्लिफ रिचर्ड यांच्या घराच्या झडतीचे तर बीबीसीने २०१४मध्ये हेलिकॉप्टरमधून चित्रीकरण केले. त्यांना ना कधी अटक झाली, ना त्यांच्यावर आरोपपत्र दाखल झाले, आणि २०१८मध्ये न्यायालयाने त्यांना २,१०,००० पौंडांची भरपाई देवविली. आधी कोणाचे ऐकायचे नाही, मग सर्वांचे तपासल्याविना खरे मानायचे, ही दोन टोके मला तरी एकाच आळसाची वाटतात. तक्रार नीट लिहून घेणे आणि ती नीट पडताळणे हे मधले काम कंटाळवाणे असते आणि ते व्हॉट्सॲप गटावर होत नाही.

आपल्याकडे न्यायालयाने या ‘इतक्या उशिरा का?’ला थेट उत्तर दिले ते पत्रकार प्रिया रमाणी यांच्या खटल्यात. त्यांनी ऑक्टोबर २०१८मध्ये माजी संपादक एम. जे. अकबर यांचे नाव घेतले, अकबर यांनी आरोप नाकारून अब्रुनुकसानीचा फौजदारी दावा लावला आणि केंद्रीय राज्यमंत्रिपद सोडले. गंमत पाहा, लैंगिक छळाच्या तक्रारीतून उभा राहिलेला हा खटला, पण त्यात आरोपी होती ती तक्रार करणारी स्त्री. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले आणि स्त्रीला आपली तक्रार कोणत्याही व्यासपीठावर, दशके उलटल्यानंतरही मांडण्याचा हक्क आहे, असे नमूद केले. या निकालाविरुद्ध अकबर उच्च न्यायालयात गेले. घटना घडली असे रमाणी सांगतात, त्या काळात कामाच्या ठिकाणच्या छळासाठी सर्वोच्च न्यायालयाची विशाखा मार्गदर्शक तत्त्वेही नव्हती, ती १९९७ची. २०१३चा कायदा आला, त्यातही तक्रारीची मुदत तीन महिन्यांची आहे, फार तर आणखी तीन महिने वाढवून मिळणारी. काकांचा प्रश्न कायद्यातही लिहून ठेवलेला आहे, एवढाच याचा अर्थ.

१९ ऑगस्ट २०२४ रोजी केरळमधल्या चित्रपटसृष्टीविषयीचा न्या. हेमा समितीचा अहवाल बाहेर आला. अभिनेत्रींनी आणि इतर कामगार स्त्रियांनी समितीपुढे सगळे सांगितले होते, अगदी चित्रीकरणाच्या जागी स्वच्छतागृह नसल्यामुळे दिवसभर पाणी न पिण्यापर्यंत. आणि तो अहवाल सरकारकडे डिसेंबर २०१९पासून पडून होता. या वेळी ‘तेव्हाच का नाही बोलल्या?’ असे विचारायला जागा नव्हती. प्रसिद्ध झालेल्या प्रतीत नावे झाकलेली होती. आमच्या गटावर एका चुलतभावाने लिहिले : ‘नावं का लपवली? हिंमत असेल तर नावं घ्या.’ मी मागे जाऊन २०१८चे संदेश उघडले. त्याच भावाने तेव्हा हसऱ्या चेहऱ्यानंतर लिहिले होते : ‘असं उघड नाव घेऊन माणसाला बदनाम करायचं, हा काय प्रकार आहे?’

दोन्ही संदेश मी त्याला खासगीत पाठवले आणि विचारले, की नक्की काय करायचे त्यांनी? संध्याकाळी त्याचा फोन आला. रागावलेला नव्हता. म्हणाला, ‘अरे, तेव्हाचं वेगळं होतं. तो नाना होता ना.’