तुम्ही विचारलंत म्हणून: समुद्रातले शिंपले विरघळून जातील का?

नाशिकच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. त्यामुळे घाटाखालच्या समुद्राचे प्रश्नही माझ्याच वाट्याला येतात. त्यातला नेहमीचा हा: "मॅडम, समुद्र आम्ल होतोय म्हणतात. मग शिंपले विरघळणार ना?" भाजी घेता घेता याचं उत्तर देता येत नाही, म्हणून जरा बैजवार लिहिते.

समुद्र अजून आम्ल झालेला नाही, अल्कधर्मीच आहे. कारखानदारीच्या आधी वरच्या पाण्याचा पीएच (हा आकडा जितका कमी, तितकं पाणी आम्लाकडे झुकलेलं) साधारण ८.२ होता, आता ८.१ च्या आसपास आहे. फरक किरकोळ वाटतो, पण तेवढ्यात आम्लपणा ठरवणारे हायड्रोजन आयन पाव हिश्शाहून जास्त वाढतात. काही किनाऱ्यांवर मात्र मुळातच याहून कडक, म्हणजे आम्लाकडे जास्त झुकलेलं पाणी येतं. वारा किनाऱ्याला धरून वाहतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी आत समुद्राकडे सरकतं आणि त्याच्या जागी तळाचं थंड पाणी वर येतं. याला अपवेलिंग म्हणतात. पेरू, कॅलिफोर्निया, नामिबिया ही त्याची मोठी ठिकाणं. पावसाळ्यात केरळपासून गोव्यापर्यंतही ते होतं. हे पाणी खतासारखी क्षारद्रव्यं आणतं, त्यावर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, माजतं. पण खाली मेलेलं सगळं कुजलेलं असल्याने त्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर (तोच पाण्यात विरघळून आम्ल बनवतो) आणि ऑक्सिजन जेमतेम असतो. मासे निघून जातात. शिंपला कुठे जाणार?

प्रॅक्टिकलला मी शिनाण्याची, म्हणजे खडकाला चिकटणाऱ्या हिरव्या शिंपल्याची, दोन कवचं ठेवते. एक जसंच्या तसं, दुसरं ब्लेडने खरवडलेलं. दोन्हींवर सौम्य आम्लाचा थेंब टाकला की खरवडलेल्यावर लगेच फेस येतो. न खरवडलेल्यावर थेंब बराच वेळ नुसता बसून राहतो. वरची ती चकचकीत हिरवट साल म्हणजे प्रथिनांचा थर, आणि तो आतल्या चुन्याला झाकतो. (लॅबमधलं आम्ल समुद्राच्या पाण्याच्या कैक पटींनी जहाल असतं, हेही सांगावं लागतं. नाहीतर पोरं तोच प्रयोग घरी सांगून आयांना घाबरवतात.)

खरा घात होतो तो कवच अजून नीट तयार नसताना. अमेरिकेत ओरेगॉनच्या नेटार्ट्स खाडीवर कालवांच्या अळ्या वाढवणारी एक हॅचरी आहे. २००७ च्या सुमारास तिथे टाक्याच्या टाक्या मरू लागल्या. आधी संशय जिवाणूंवर गेला. पुढे लक्षात आलं की उत्तरेचा वारा सुटून तळाचं पाणी वर आलं की मर होते. ते पाणी हवेला शेवटचं लागलं होतं ३० ते ५० वर्षांपूर्वी, आणि तेव्हापासून त्यात कुजण्याचा कार्बन डायऑक्साइड साठत गेला होता. कालवाची अळी पहिल्या दोन दिवसांतच कवच घडवते, तेही खायला तोंड फुटण्याआधी, अंड्यातल्या शिदोरीवर. तेवढ्यात शरीराच्या वजनाचा सुमारे ९० टक्के भाग चुन्याचा होतो. पाणी कडक असलं की शिदोरी त्यातच संपते आणि अळी उपाशी मरते. निफाडच्या बागायतदाराला हे समजावावं लागत नाही: तोच पाऊस फुलोऱ्यात आला तर घड जातो, इतर वेळी बाग निभावून नेते. हॅचरीवाल्यांनी मग दुपारी पाणी भरायला सुरुवात केली, कारण तोवर खाडीतल्या समुद्री गवताने कार्बन डायऑक्साइड ओढून घेतलेला असतो. शिवाय पाण्यात सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडा, घालू लागले.

मोठ्या शिंपल्यांची तऱ्हा निराळी. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाचं गोडं पाणी वर थर धरतं आणि खालच्या पाण्याला हवा लागू देत नाही. अशा वेळी शिंपला दोन्ही झडपा मिटतो, हृदयाचे ठोके मंदावतात आणि ऑक्सिजनशिवाय भागवतो. त्यातून अंगात आम्ल साठतं. ते मारायला तो आपल्याच कवचाचा आतला चुना थोडा थोडा विरघळवतो. तेव्हा तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही. विरघळतो, पण आतून, आणि जगण्यासाठी.

हे सगळं परवडायला पोट भरलेलं लागतं. जर्मनीत कीलच्या खाडीतही असंच कडक पाणी वर येतं. तिथे भरपूर खायला मिळालेले छोटे शिंपले कवच वाढवत राहिले, असं संशोधकांना दिसलं. म्हणून मला काळजी वाटते ती अळ्यांची. यंदा खडकावर पिल्लं किती बसली, हे बाजारातल्या टोपलीपेक्षा जास्त सांगून जातं.

केरळात शिनाण्यांची वीण पावसाळ्यातच होते, ऐन तळाचं पाणी वर आलेलं असताना. धोका आहे, पण अळ्यांना खायलाही तेव्हाच असतं. पाऊस ओसरता ओसरता खडकांवर इवली पिल्लं दिसू लागतात. शेती करणारे ती खरवडून दोराभोवती सुती कापडात गुंडाळतात आणि पाण्यात सोडतात. कापड काही दिवसांत कुजून जातं, पण तोवर पिल्लांनी आपल्या धाग्यांनी दोर धरलेला असतो. पुढचा पाऊस लागण्याआधी पीक काढून घेतात.