कोरोना फुफ्फुसाचा, मग डायलिसिस कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि जरा सविस्तर सांगते. लिफ्टमध्ये माझा मजला येईपर्यंत हे सांगून होत नाही. मी ठाण्यात डायलिसिस टेक्निशियन आहे. इतकी वर्षं उलटली तरी ओळखीपाळखीचे लोक हटकतात: "ताई, आमच्या काकांना कोरोना झाला होता. आजार फुफ्फुसाचा, किडनीला काहीच नव्हतं. मग मध्येच डायलिसिस कुठून आलं?" मग आवाज खाली येतो. "बिल वाढवायला ना?"

बिलाचं आधी उरकते. त्या काळात अवाच्या सवा बिलं लागली ही तक्रार खोटी नव्हती. राज्य सरकारला मे २०२० मध्ये खासगी रुग्णालयांचे दर बांधून द्यावे लागले ते उगाच नाही. पण डायलिसिसने बिल फुगवायचं म्हटलं तर तो फारच कष्टाचा मार्ग झाला. आयसीयूत मशीन न्यायचं, सोबत पोर्टेबल आरओ (डायलिसिसचं पाणी शुद्ध करणारं यंत्र) ढकलत न्यायचा, आणि पीपीई किटमध्ये सहा-आठ तास पेशंटजवळ थांबायचं. ज्याचं बीपी औषधांवर टिकलेलं असतं त्याच्या अंगातलं पाणी भराभर काढता येत नाही, म्हणून हे संथ डायलिसिस. आमच्यात त्याला स्लेड म्हणतात. आमच्यातले निम्मे स्वतःच आजारी. गरज नसलेल्या पेशंटकडे पाठवायला मोकळं होतं कोण?

आता किडनी. सुरुवातीला वुहानच्या एका रुग्णालयातून आलेला आकडा फार घाबरवणारा नव्हता: ७०१ रुग्णांपैकी पाच टक्क्यांच्या आसपास लोकांच्या किडनीला अचानक इजा. मग न्यूयॉर्कचे आकडे आले. तिथल्या नॉर्थवेल हेल्थच्या रुग्णालयांत भरती झालेल्या ५,४४९ जणांमध्ये हे प्रमाण ३६.६ टक्के निघालं. त्यातही व्हेंटिलेटर लागला नाही अशांत २१.७, आणि व्हेंटिलेटर लागलेल्यांत जवळजवळ नव्वद. तुमच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं या शेवटच्या दोन आकड्यांत आहे. किडनी एकटी, आपली आपण आजारी पडत नव्हती. फुफ्फुस कोसळलं की तिची पाळी यायची, कित्येकदा व्हेंटिलेटरची नळी घातल्यापासून एका दिवसात.

हृदय जेवढं रक्त पंप करतं त्याचा जवळपास पाचवा हिस्सा किडन्यांकडे जातो. बीपी पडलं की हा हिस्सा आटतो. शिवाय व्हेंटिलेटर छातीत दाब देऊन हवा भरतो, त्या दाबाने हृदयाकडे परतणारं रक्तही कमी होतं. आणि पेशंट यायचाच मुळी कोरडा पडून: आठवडाभर ताप, जुलाब, तोंडाला चव नाही म्हणून पोटात काही नाही. अशाला सलाईन द्यावं तर पाणी फुफ्फुसात साचणार, ऑक्सिजन आणखी खाली जाणार. न द्यावं तर किडनी सुकणार. राउंडला डॉक्टर या एका गोष्टीवर जेवढा वेळ घालवायचे तेवढा दुसऱ्या कशावर नाही. युरीन बॅग बघायची, ऑक्सिजन बघायचा, आणि शंभर-दोनशे मिली इकडे की तिकडे यावर वाद. "पाणी भरपूर प्यायला दिलं असतं तर किडनी वाचली असती," असं कोणी म्हटलं की मला हेच आठवतं.

रक्त गोठण्याचा प्रकार तर मी रोज समोर बघत होते. रक्त गोठू नये म्हणून दिलेलं हेपरिन चालू असतानाही डायलायझर, म्हणजे मशीनची रक्त गाळणारी जाळी, काळपट पडायचा, प्रेशरचा अलार्म वाजायचा, नळ्यांचा सेट गोठायचा. नळ्यांमधलं रक्त परत देता आलं नाही तर तेवढं रक्त वाया, आणि पेशंटचं हिमोग्लोबिन आधीच खाली. किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांतही असं होत असणार, असं आम्हाला तेव्हा वाटायचं. पुढे शवविच्छेदनांत काहींमध्ये गुठळ्या दिसल्याही, पण मुख्य इजा निघाली ती किडनीतल्या नलिकांची. विषाणू स्वतः किडनीत घुसून नासधूस करतो का, यावर तज्ज्ञ अजून भांडतात. त्यांना भांडू दे.

औषधांचाही वाटा होता. घरी अंगदुखीसाठी घेतलेल्या पेनकिलर, कोणीतरी सांगितलं म्हणून खाल्लेल्या व्हिटॅमिन सीच्या भरमसाट गोळ्या (त्यातून तयार होणारं ऑक्झलेट किडनीत साचतं). आणि २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी, आला तेव्हा त्यावरचं औषध अँफोटेरिसिन. त्याचा किडनीला कमी त्रास देणारा लायपोसोमल प्रकार मिळता मिळत नव्हता. नातेवाईक ठाण्यापासून पनवेलपर्यंत मेडिकल पालथी घालत होते. साधं अँफोटेरिसिन दिलं की क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात साचणारा कचरा) चढायचं आणि पोटॅशियम पडायचं. डोळा आणि जीव वाचवायचा म्हणून किडनी पणाला लावायची, हा निर्णय कोणी हौसेने घेत नव्हतं.

पण एक वाक्य मला नेहमी खटकतं: "आधी किडनीला काहीच नव्हतं." तपासलं होतं का? काकांना दहा वर्षांची शुगर, बीपीची गोळी आठवली तर घ्यायची, आणि लघवीतलं प्रोटीन आयुष्यात एकदाही पाहिलेलं नाही. किडनीचं काम निम्म्यावर आलं तरी क्रिएटिनिन नॉर्मलच्या चौकटीत दिसू शकतं. अशा घरांत 'काही नव्हतं' याचा अर्थ बहुतेकदा कोणी पाहिलं नव्हतं एवढाच असतो.

ज्यांना आधीपासून डायलिसिस चालू होतं त्यांचे हाल वेगळेच. लोकल बंद झाल्यावर दिवा-मुंब्र्याहून येणाऱ्यांनी आठवड्यातून दोन-तीनदा रिक्षाला किती मोजले असतील! त्यातून कोणी पॉझिटिव्ह निघालं की त्याला घेणारं सेंटर शोधत फिरायचं.

"एकदा डायलिसिस लागलं की सुटत नाही," या भीतीने काही नातेवाईक संमतीची सही करायला तासन्‌तास लावायचे. ही भीती आली आहे ती कायमच्या पेशंटांकडे बघून. अचानक बसलेली किडनी वेगळी. तिला सावरायला वेळ मिळावा म्हणून मधले दिवस मशीन काम करतं. अशांपैकी जे वाचले त्यांतल्या अनेकांची नेकलाइन, म्हणजे डायलिसिससाठी मानेत घातलेली नळी, आम्हीच काढली आहे. सगळे वाचले नाहीत. न्यूयॉर्कच्याच माउंट सिनाई रुग्णालयांच्या नोंदींत किडनीला इजा झालेल्यांपैकी निम्मे दगावले. इजा नसलेल्यांत हेच प्रमाण आठ टक्के होतं. आणि किडनीला इजा होऊनही घरी गेलेल्यांतले ३५ टक्के किडनी पूर्ववत न होताच गेले.

म्हणून काका घरी परतले असतील तर त्यांची फाइल शोधा. डिस्चार्ज कार्डवर शेवटचं क्रिएटिनिन लिहिलेलं असेल. त्याच्या शेजारी आजचं ठेवून बघा. सोबत लघवीतल्या अल्ब्युमिनची, म्हणजे त्याच प्रोटीनची, तपासणी करून घ्या. लॅबच्या फुल बॉडी पॅकेजात ती बऱ्याचदा नसते, नाव घेऊन वेगळी मागावी लागते.