नागपुरात जुन्या वळणाचं जेवण: आईबाबांच्या पन्नाशीसाठी शोधलेल्या जागा

आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. जेवण नागपुरातच करायचं आणि तेही त्यांना आपला काळ आठवेल अशा जागी, हे बहिणीचं नि माझं आधीच ठरलं होतं. लग्नानंतरची सुरुवातीची वर्षं त्यांनी तिथेच काढली. बाबा रेल्वेत होते. आम्ही वर्ध्याचे, त्यामुळे आधी जाऊन जागा बघून येणं सहज जमलं. तुम्हीही फोटोंवर भरवसा ठेवून वडीलधाऱ्यांना नेऊ नका. आणि पाहणी करायची तर ऐन जेवणाच्या वेळेलाच करा.

धरमपेठेकडे ‘रेट्रो’ सजावटीची एक जागा पाहिली. भिंतीवर रेडिओ, कंदील, कोपऱ्यात पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन. जवळ जाऊन बघितलं तर त्याला सुईच नव्हती. वरच्या स्पीकरवर गाणी इतकी मोठ्यानं की बहिणीशी बोलायला वाकावं लागत होतं. मेनू फक्त मोबाईलवर, दिवे मंद. कॉलेजच्या मुलांना आवडेल, फोटोही छान येतील. पण पंचाहत्तरीच्या माणसांना तिथे दोन तास बसवणं मला पटलं नाही.

मग शहरातला सदर हा भाग गाठला. जुनेपणा सजवून आणावा लागत नाही अशा जागा इथेच आहेत. सरकारी कॉफी बोर्डानं १९५०च्या दशकात आपली कॉफी हाउसं बंद करायला घेतली, तेव्हा कामगारांनी सहकारी संस्था काढून ती पुढे चालवली. सदरचं इंडियन कॉफी हाउस त्याच परंपरेतलं. रात्रीच्या खास जेवणाची ही जागा नव्हे, पण संध्याकाळची सुरुवात इथून करा. कॉफी, डोसा आणि निवांत गप्पा.

जेवायला निवडलं माउंट रोडवरचं नानकिंग. शहरातल्या जुन्या चायनीज रेस्टॉरंटांपैकी हे एक, आणि आईनं आयुष्यातलं पहिलं चायनीज तिथेच खाल्लेलं. फोनवर टेबल सांगतानाच वयाची कल्पना दिली आणि दारापासून जवळची, स्पीकरपासून लांबची जागा मागितली. “काकाजी, सूप आधी आणू का?” असं वेटरनं वाकून विचारलं तेव्हा बाबा खुलले. अमेरिकन चॉप्सी आली. तळलेल्या नूडल्सचं कुरकुरीत घरटं, त्यावर लालसर, आंबटगोड रस्सा. आईनं रस्सा मुरायच्या आधीच कडेचं कुरकुरीत मोडून बाबांच्या ताटात ठेवलं आणि म्हणाली, “तेव्हा एकच मागवायचो आपण, दोघांत.” हे आम्हाला कधीच माहीत नव्हतं.

तुमच्या घरचे शाकाहारी असतील तर नागपूर स्टेशनच्या आवारात रेल्वेच्या डब्यात थाटलेलं रेस्टॉरंट आहे. रेल्वेवाल्यांना तर हटकून न्या. लालसर दगडाची स्टेशनची इमारतही नीट थांबून बघा. तिचं उद्घाटन १९२५च्या जानेवारीत झालं. दुपार मोकळी असेल तर मोतीबागेतलं नॅरो गेज, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेचं, संग्रहालय चुकवू नका, फक्त वेळ विचारून जा. अशाच रुळांवरून धावणारी छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५त बंद झाली. बाबा संग्रहालयातल्या इंजिनांपाशी फार वेळ रेंगाळले. मराठी पानच हवं असेल तर विष्णुजी की रसोई आहे; वडाभात, पाटोडी रस्सा यांची आवड असलेल्यांनी तिकडे वळावं.

जागा ठरवताना पायऱ्या किती, छापील मेनू मिळतो का, बाहेरचा केक चालतो का, हे फोनवरच विचारून घ्या. साडेसातला पोचलात तर गर्दी व्हायच्या आत जेवण होतं. सदरला मेट्रोनं यायचं तर कस्तुरचंद पार्क स्टेशनला उतरा आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ आधीच बघून ठेवा. उन्हाळ्यात दिवसा फिरायचा बेतच नको, पारा पंचेचाळिसाला टेकतो. डिसेंबरची हवा सुरेख, पण विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. सिव्हिल लाइन्स, सदरचे रस्ते मोर्चे आणि बंदोबस्तानं अडतात, हॉटेलच्या खोल्या महागतात. तारीख तुमच्या हातात असेल तर जानेवारीतली धरा.