वीस बाइट

आमरसासाठी आंबे पिळायला बसलो होतो. हात मनगटापर्यंत माखलेले आणि फोन वाजला. भोसरीच्या वहिनी. सणाच्या दिवशी सकाळी पावणेआठला नुसत्या शुभेच्छा द्यायला फोन करणाऱ्यांपैकी त्या नाहीत.

"भावोजी, सर्व्हर चालू होत नाहीये. काळ्या पडद्यावर इंग्लिशमध्ये काहीतरी येतंय आणि आतून टकटक वाजतंय."

"बटण दाबून ठेवा, बंद होईपर्यंत. आणि आता कुणीही परत चालू करायचा नाही. दादांनीसुद्धा."

शेवटचं वाक्य मुद्दाम. मशीन बंद पडलं की आधी एक चापट मारायची आणि मग फोन करायचा, ही दादांची पद्धत.

तारीख १० मे २०२४, शुक्रवार, अक्षय्य तृतीया. आदल्या दिवशी गुरुवार होता. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते हे पुण्यात लहान पोरालाही ठाऊक असतं, आणि भोसरीतल्या कारखान्यांची सुट्टीही गुरुवारीच. दिवसभरात लाइट तीन-चारदा आली-गेली. यूपीएसची बॅटरी गेली आहे हे मी फेब्रुवारीत सांगितलं होतं, दादा "बघू" म्हणाले होते, आणि मीही परत विचारलं नव्हतं.

कारखाना लहान आहे. बावीस माणसं, तीन सीएनसी, दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी धातू कापायची मशीनं), गाड्यांना लागणारे बुश आणि पिना. चाकणला रोज एक टेम्पो जातो. हिशेब वहिनी बघतात आणि संगणकाचं सगळं मी. आधी त्यांच्याकडे एका स्थानिक माणसाने लिहिलेलं बिलिंगचं सॉफ्टवेअर होतं. त्या माणसाने धंदा बंद केला, आणि त्याच्या फायली दुसरं कोणतंच सॉफ्टवेअर उघडेना. तेव्हा, २०१९ साली, मी त्यांना ईआरपीनेक्स्टवर आणलं. बिलं, खरेदी, स्टॉक, हिशेब सगळं एकाच ठिकाणी. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं हे ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं सॉफ्टवेअर. ते सुरू करणाऱ्या रुषभ मेहतांच्या घरचा फर्निचरचा व्यवसाय होता आणि त्यातल्या गरजेतून याची सुरुवात झाली, हे ऐकल्यावर दादांचा चेहरा खुलला होता. "म्हणजे कारखानदाराच्या घरातलंच की!"

लायसन्सचे पैसे शून्य हे मात्र त्यांना पटत नव्हतं. "फुकट आहे, ठीक. पण उद्या बिघडलं तर मानगूट कोणाची धरायची?"

"माझी," मी म्हणालो होतो. पाच वर्षांपूर्वी, चहा पिता पिता, अगदी सहज.

कोथरूडहून औंध, सांगवी, नाशिक फाटा असा निघालो तेव्हा मी निर्धास्त होतो, हे कबूल करायला हवं. रोज रात्री दीड वाजता वहिनींच्या टेबलाखालच्या नॅस बॉक्सवर (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीवर) बॅकअप जात होता. मीच लिहिलेली स्क्रिप्ट. सकाळी मला मेल यायचा: बॅकअप यशस्वी. नवी डिस्क टाकायची, उबंटू (लिनक्सची मोफत प्रणाली) चढवायचं, कालचा बॅकअप लावायचा आणि दुपारी दोनला घरी पुरी-आमरस, असा हिशेब करत मी चाललो होतो. सोमवारी मतदान होतं, त्यामुळे प्रचाराच्या रिक्षा भोंगे लावून फिरत होत्या. एका रिक्षामागे नाशिक फाट्यापर्यंत अडकलो, त्याचाही राग आला नाही.

सव्वानऊला लॅपटॉपवर नॅस उघडला. तीस दिवसांच्या तीस फायली ओळीने हजर. नावं बरोबर, तारखा बरोबर. कालचीसुद्धा होती. तिच्यावर क्लिक केलं आणि उघडली तर आत काही नाही. परवाची उघडली. तेच. मग पहिल्यांदा आकाराच्या रकान्याकडे बघितलं.

२० बाइट. २० बाइट. २० बाइट. तळापर्यंत.

जे झालं होतं ते समजायला पाच मिनिटं लागली, मान्य करायला जरा जास्त. जानेवारीत त्यांच्याकडचा एक मुलगा नोकरी सोडून गेला. सुरक्षेसाठी म्हणून मी डेटाबेसचा पासवर्ड बदलला, आणि ईआरपीनेक्स्टच्या सेटिंगमध्ये नवा टाकला. माझ्या स्क्रिप्टमध्ये जुनाच राहिला. त्या दिवसापासून रोज रात्री स्क्रिप्ट मारियाडीबी या डेटाबेसचं दार वाजवायची, आतून "प्रवेश नाही" असं उत्तर यायचं, आणि ती तक्रार मीच कधीकाळी "उगाच कचरा येतो" म्हणून डेव्ह नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या कचराकुंडीत, सोडून दिलेली. पुढे पाइप लावून, म्हणजे एका कमांडचं निघालेलं थेट दुसरीच्या हाती जाईल असं, जीझिप हा फाइल दाबून लहान करणारा प्रोग्राम बसलेला. त्याच्या हाती काहीच आलं नाही तरी तो बिचारा रिकाम्या हातांचीही नीट घडी घालतो: दहा बाइट मथळा, दोन बाइट "इथे काही नाही", आठ बाइट शेवटची पडताळणी. झाले वीस. आणि पाइपलाइन यशस्वी झाली की नाही हे स्क्रिप्ट चालवणारं बॅश ठरवतं ते शेवटच्या कमांडवरून. शेवटी जीझिप, त्याचं काम चोख. मेल गेला: बॅकअप यशस्वी. 'पाइपफेल' नावाचा एक पर्याय स्क्रिप्टच्या वर लिहिला असता तर पहिल्याच रात्री बोंब झाली असती.

याहून वाईट एक गोष्ट होती. तीस दिवसांपेक्षा जुनी फाइल पुसून टाकायची, हेही त्याच स्क्रिप्टमध्ये होतं. म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत शेवटचा खरा बॅकअपही मीच पुसला होता. सगळ्या फायली मिळून ६०० बाइट. हा परिच्छेदसुद्धा त्याहून मोठा आहे. ईआरपीनेक्स्टचा स्वतःचा बॅकअप चालू असता तरी काहीतरी हाती लागलं असतं. तो डिस्कवर जागा खातो म्हणून मी बंद केला होता.

पाऊण तास मी कुणालाच काही बोललो नाही. "डिस्क तपासतोय" एवढंच. नंतर वहिनींना केबिनमध्ये बोलावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे रोजचा तो मेल खोटा होता?"

"मेल खरा होता. मी चुकीचा प्रश्न विचारून ठेवला होता."

"दादांना मी सांगू की तुम्ही?"

मी सांगितलं. दादा चिडले नाहीत, तेच जास्त लागलं. ते खिडकीबाहेर टेम्पोकडे बघत म्हणाले, "बाराला गाडी निघाली नाही तर चाकणची लाइन थांबते. ते आधी बघ. मानगुटीचं नंतर."

उलाढाल पाच कोटींच्या वर असलेल्यांना ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस सक्तीचं आहे. सरकारी जीएसटी पोर्टलकडून नंबर आणि क्यूआर कोड आल्याशिवाय बिल हे बिलच नाही. आणि आमचं शेवटचं बिल कितव्या नंबरचं हे कुणाला आठवेना, कारण ते सर्व्हरला माहीत होतं. ते सापडलं गेटवर. वॉचमन काकांच्या जावक रजिस्टरात बुधवारच्या गाडीचा बिल नंबर निळ्या शाईत, वळणदार अक्षरात. त्याच्या पुढचा नंबर धरून वहिनींनी सरकारी एक्सेल टूलमध्ये बिल भरलं, जेसन फाइल पोर्टलवर चढवली, माल वाहून न्यायचं ई-वे बिल काढलं. पावणेबाराला टेम्पो फाटकाबाहेर. त्या दिवशी आमच्या सगळ्या व्यवस्थेतला एकमेव धड बॅकअप काकांकडे होता.

पिंपरीहून एक पोरगा नवी डिस्क घेऊन आला. पेनड्राइव्हवरच्या उबंटूने मशीन उठवलं आणि डीडीरेस्क्यू हे डिस्कची नक्कल काढणारं साधन लावलं. मरायला टेकलेल्या डिस्कवर दुसरं काहीही करू नये. दुरुस्तीची कमांडसुद्धा तिच्यावर चालवायची नाही, आधी जशीच्या तशी नक्कल काढायची. डीडीरेस्क्यूची खुबी अशी की खराब जागेपाशी ते हट्ट धरून बसत नाही. चांगला भाग आधी झपाट्याने उचलतं आणि खराब जागांची नोंद एका मॅप फाइलमध्ये ठेवून त्यांच्याकडे शेवटी वळतं. मध्येच लाइट गेली तर त्याच नोंदीवरून पुढे सुरू. डायरीत सगळं टिपून ठेवणारं हे साधन मला सॉफ्टवेअरपेक्षा कारकून जास्त वाटतं. ५०० जीबीची डिस्क. बघत बसायचं, दुसरं काही हातात नाही.

तेवढ्यात दादांचा पुतण्या आला. हिंजवडीत नोकरी, सणाला जेवायला काकांकडे. त्याने परिस्थिती ऐकली आणि फोनवर जीपीएलची, म्हणजे या सॉफ्टवेअरच्या लायसन्सची, पानं उघडून वॉरंटी नाकारणारं कलम दादांना वाचून दाखवलं. "बघा काका, हे लिहूनच देतात. जबाबदार कोणी नाही. आणि मार्चमध्ये त्या एक्सझेडचं काय झालं ते विचारा यांना."

कलम खरंच आहे. विकतच्या सॉफ्टवेअरच्या करारातही नुकसानभरपाईला टाचणीएवढी जागा ठेवलेली असते, फक्त ते कुणी वाचून दाखवत नाही. हे मी म्हणालो नाही. त्या दिवशी तो अधिकार मी गमावला होता.

पण एक्सझेडचं विचारल्यावर दादांना उत्सुकता वाटली, म्हणून सांगितलं. लिनक्समध्ये जागोजागी वापरली जाणारी ती फायली दाबून लहान करण्याची लायब्ररी. ती सांभाळणाऱ्या थकल्या माणसाचा विश्वास कुणीतरी दोन-अडीच वर्षं खपून मिळवला आणि २०२४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिच्यात चोरदरवाजा बसवला. पकडला तो आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरने, २९ मार्चला. तो चोर शोधत नव्हताच. दुसरंच काही मोजत असताना त्याला दिसलं की एसएसएचने, म्हणजे दुरून सर्व्हरवर, लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. बहुतेकांनी "नेटवर्क असेल" म्हणून सोडून दिलं असतं. त्याने कोड उघडून बघितला.

"अर्धा सेकंद?" दादा म्हणाले.

"अर्धा सेकंद."

"आणि तुझ्या फायली किती महिने?"

"चार."

पुतण्याने फोन खिशात ठेवला. दादा हसले नाहीत, पण "याला पण ताट वाढा" असं आत ओरडून सांगितलं. माझा आमरस शेवटी भोसरीतच झाला, कीबोर्ड बाजूला सारून.

पावणेचारला नक्कल संपली. काही मेगाबाइट सोडून सगळं आलं होतं, पण ते काही मेगाबाइट नेमके कुठले यावर सगळं अवलंबून. मारियाडीबी सुरू होईना. तिच्या आतला डेटा सांभाळणाऱ्या इनोडीबीला जबरदस्तीने उठवायची एक सेटिंग असते, एक ते सहा पायऱ्यांची. चौथ्या पायरीपासून पुढे डेटा कायमचा बिघडू शकतो, म्हणून नकलेचीही आणखी एक नक्कल करून पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. पहिल्यालाच उठला. मी खुर्चीतून उठलो, परत बसलो.

एकेक टेबल बाहेर काढत गेलो. बिलं आली, खरेदी आली, जमाखर्चाच्या नोंदी आल्या. दोन ठिकाणी सर्व्हर कोसळला. एक टेबल कुणी कधी काय बदललं याच्या इतिहासाचं, ते सोडून दिलं. दुसरं होतं स्टॉक लेजर, मालाच्या आवक-जावकेची नोंदवही. ते सोडून चालणार नव्हतं. तुकड्या-तुकड्याने काढलं तरी मधल्या काही ओळी गेल्याच.

इथे मात्र सॉफ्टवेअरचा कोड समोर उघडा असण्याचा उपयोग झाला. कोणतंही चलन किंवा पावती सबमिट केली की स्टॉक लेजरमध्ये ओळ कशी पडते ते पायथन भाषेतल्या फायलीत वाचता येतं, आणि प्रत्येक ओळीवर मूळ कागदाचा प्रकार आणि नंबर असतो. चलनं तर सगळी शाबूत होती. ज्यांना लेजरमध्ये जोडीदार नाही अशी चलनं शोधायला तीसेक ओळी लिहिल्या. निघाली चौदा. वहिनींनी बॉक्स फाइल उघडून एकेक वाचलं, मी टाकत गेलो. जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरच्या वेळी आम्ही इथपर्यंत पोहोचलोच नव्हतो, बंद डब्याभोवती फेऱ्या मारून परत आलो होतो.

रात्री साडेअकराला वहिनींनी एप्रिलचा विक्रीचा आकडा काढून आपल्या वहीतल्या बेरजेशी ताडून बघितला. जुळला. दुसऱ्या दिवशी ११ तारीख, जीएसटीआर-१ची, म्हणजे महिन्याच्या विक्रीच्या विवरणपत्राची, शेवटची. त्या म्हणाल्या, "आता सकाळी भरते. डोळे चालत नाहीत."

त्या महिन्याचे पैसे मी घेतले नाहीत. दादांनी नवा यूपीएस आणला आणि त्याचं बिल मला दाखवून फाइलला लावलं, बोलले काही नाही. बॅकअप आता दोन ठिकाणी जातो, स्क्रिप्टच्या पहिल्या ओळींतच पाइपफेल आहे, आणि दर गुरुवारी लाइट असेल तेव्हा वहिनी जुन्या लॅपटॉपवर आदल्या रात्रीची फाइल चढवून शेवटचं बिल उघडून बघतात. शिकवायला दोन गुरुवार लागले.

मेल मी बंद केलेला नाही, पण त्यात आता "यशस्वी" हा शब्द नसतो, नुसता आकार असतो. परवा वहिनींचा फोन आला.

"भावोजी, आजची एकशे ब्याऐंशी एमबी. मागच्या गुरुवारी एकशे पंच्याऐंशी होती. माल तर रोज जातोय, मग तीन कमी कशी?"

मला माहीत नव्हतं. बघून सांगतो म्हणालो. जुने एरर लॉग आपोआप साफ झाले होते. तासाभराने फोन करून सांगितलं, तेव्हा त्यांनी वहीत लिहून घेतलं.