थकीत कर्ज आणि सिक्युरिटी क्लिअरन्स: माझा अनुभव

अमेरिकेत संरक्षण खात्याच्या कंत्राटदार कंपनीत सिक्युरिटी क्लिअरन्स (गोपनीय सरकारी माहिती हाताळण्याची परवानगी) लागणारं काम मिळालं की एसएफ-८६ हा लांबलचक फॉर्म भरावा लागतो. त्यातलं २६वं कलम पैशांचं. गेल्या सात वर्षांत एखादं देणं १२० दिवसांहून जास्त थकलं का? एखादं बिल वसुली एजन्सीकडे गेलं का? मला दोन्हीकडे 'हो' लिहावं लागलं. नवऱ्याच्या आजारपणात त्याची नोकरी गेली, तिच्यासोबत आरोग्य विमाही गेला, आणि हॉस्पिटलची बिलं, क्रेडिट कार्डं थकत गेली.

काहीही न लपवता सगळं लिहिलं. क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या कर्जांची आणि थकबाकीची नोंद, तपास करणारे काढतातच, आणि जाणूनबुजून दिलेलं खोटं उत्तर हा थकबाकीहून मोठा दोष ठरतो.

तरीही पुढे 'स्टेटमेंट ऑफ रीझन्स', म्हणजे क्लिअरन्स का देऊ नये याची कारणं मांडणारी नोटीस, आलीच. गाइडलाइन एफ, म्हणजे निकषांमधल्या आर्थिक बाबींच्या भागाखाली एकेक देणं क्रमांक घालून मांडलेलं. २० दिवसांत प्रत्येकावर 'मान्य' किंवा 'अमान्य' असं लेखी उत्तर द्यायचं. कर्जात बुडालेला माणूस पैशासाठी गैरमार्गाला लागू शकतो, ही त्यामागची भीती. आजारपणातून आलेल्या कर्जासाठी हे वाचताना फार लागलं.

मग २०१७ पासून लागू असलेले निकष नीट वाचले. नोकरी जाणं, आजारपण, घटस्फोट अशी हाताबाहेरची कारणं त्यात धरली जातात. पण त्याच वाक्यात पुढे अट आहे, की त्या परिस्थितीत तुम्ही जबाबदारीने वागलात का. बहुतेक लोक पहिला भाग वाचून थांबतात. एका सहकाऱ्याने तर मनापासून सल्ला दिला, "सात वर्षं झाली की रिपोर्टवरून जाईल, गप्प राहा." रिपोर्टवरून नोंद गेली म्हणजे देणं फिटलं असं तिथे कोणी मानत नाही. 'चार्ज ऑफ'चंही, म्हणजे सावकाराने कर्ज बुडीत म्हणून हिशेबातून काढलं तरी, तेच.

माझी खरी भिस्त कागदांवर होती: नवऱ्याला नोकरीवरून काढल्याचं पत्र, हॉस्पिटलशी ठरलेल्या हप्त्यांचा करार, दर महिन्याला हप्ता गेल्याचं दाखवणारी बँक स्टेटमेंट्स, क्रेडिट समुपदेशकाने करून दिलेलं घरखर्चाचं अंदाजपत्रक. एक बिल दोनदा लावलं होतं. ते अमान्य केलं आणि आधीच पाठवलेलं तक्रारपत्र जोडलं.

निर्णय नुसत्या कागदांवर घ्या असं सांगता येतं, पण मी सुनावणी मागितली. सरकारी वकिलांचा रोख एकाच गोष्टीवर होता: हप्ते कधी सुरू केले? नोटीस आल्यावर घाईघाईने भरलेल्या पैशांना फारसं वजन नसतं. माझे हप्ते फॉर्म भरण्याच्या आधीपासून चालू होते, हे स्टेटमेंट्सवरून दिसत होतं. न्यायाधीशांनी घरखर्चाचा आकडान् आकडा विचारला.

क्लिअरन्स मिळाला तेव्हा निम्म्याहून जास्त देणं बाकी होतं. सगळं फेडलेलं असावं अशी अट नाही. झेपेल अशी योजना हवी आणि ती पाळल्याचा पुरावा हवा. आता क्रेडिटवर सतत लक्ष असतं, त्यामुळे हॉस्पिटलचा हप्ता पगार जमा होतो त्याच दिवशी खात्यातून वळता होईल अशी सोय केली आहे.